कामकऱ्याची कंबर आणि जांघेतला स्नायू

आमच्या तोंडून कळंबकरांनी आजवर ऐकले ते पगाराविषयी, बोनसविषयी, फार तर मुकादमाच्या उचलीविषयी. या वसंतात व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘जांघेतला स्नायू’ असे सांगितले. ते क्षणभर आमच्याकडे पाहतच राहिले. आम्ही डॉक्टर नव्हे. शाळाही आमची सातवीपुढे झाली नाही. जे वाचले ते पुढे नगर वाचनालयात बसून आणि जाणत्यांना विचारून. पण ज्याचे सारे भांडवल म्हणजे स्वतःचे शरीर, त्या माणसात आमचे आयुष्य गेले आहे. गिरणीमालक आपल्या यंत्राच्या प्रत्येक पट्ट्याचे नाव जाणतो. कामकऱ्याला मात्र आपल्या कंबरेतल्या पट्ट्याचे नाव ठाऊक नसते. हे अज्ञान फार महागात पडते, आणि ते कसे, हे आधी आमच्यावरूनच सांगतो.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. संघटनेच्या कामासाठी मुंबईला रात्रीच्या एस. टी. ने जाणे, दिवसभर बैठकीत बसणे आणि परत रात्री बसून येणे असा आमचा क्रम होता. एके पहाटे गाडीतून उतरलो आणि सरळ उभेच राहता येईना. उजव्या जांघेत पुढून कोणी दोरी ओढून धरावी तसे झाले. दहावीस पावले वाकून चाललो, मग हळूहळू अंग सुटले. पुढे हे नेहमीचेच झाले. कोणी म्हणाले मुतखडा आहे, कोणी म्हणाले अंतर्गळ आहे. एका दवाखान्यात कंबरेचा पट्टा मिळाला, दुसऱ्या ठिकाणी गोळ्या मिळाल्या. गोळ्यांनी दुखणे थांबे आणि पोटात आग पडे. असे दीड वर्ष गेले. शेवटी एका व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी आम्हाला टेबलाच्या कडेवर उताणे निजवले आणि विचारले, ‘‘काका, तुम्ही दिवसातून बसता किती तास?’’ आम्ही हिशेब केला. तो चौदा तासांचा निघाला. दीड वर्षात हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता.

वस्तुतः हा प्रश्न तीनशे वर्षे जुना आहे. इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचा वैद्य होऊन गेला. त्याने 1700 साली कामकऱ्यांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि वैद्यांना बजावले की, रोग्याला इतर प्रश्न विचाराल त्यात ‘तू काम काय करतोस?’ हाही विचारा. दिवसभर बसून काम करणारे शिंपी आणि चांभार वाकून, लंगडत कसे चालतात, हे त्याने पाहून लिहून ठेवले. आणि निदान सुटीच्या दिवशी तरी त्यांनी अंग हलवावे, असा सल्ला दिला. शरीरशास्त्रातही शिंप्याची एक आठवण कायमची राहिली आहे. कंबरेपासून गुडघ्याच्या आतल्या बाजूपर्यंत तिरपा जाणारा एक लांब स्नायू आहे. मांडी घालताना तो कामी येतो, म्हणून त्याचे नाव ‘सार्टोरिअस’ पडले. लॅटिनमध्ये ‘सार्टोर’ म्हणजे शिंपी.

आता मुख्य स्नायूकडे वळू. पाय वर उचलणे, म्हणजे मांडी पोटाकडे आणणे, हे काम काही स्नायू मिळून करतात. त्यांतला सर्वांत बळकट जो, त्याला वैद्यकात ‘इलिओसोअस’ म्हणतात. तो दोन भागांचा आहे. एक भाग, सोअस, पाठीच्या कण्याच्या कंबरेतल्या मणक्यांच्या दोन्ही बाजूंनी निघतो. दुसरा, इलिॲकस, कंबरेच्या हाडाच्या आतल्या खोलगट बाजूवरून निघतो. दोन्ही भाग एकत्र येऊन जांघेतून खाली उतरतात आणि मांडीच्या हाडाच्या आतल्या उंचवट्यावर घट्ट चिकटतात. मटणाच्या दुकानात कण्याच्या आतल्या अंगाने एक मऊ, लांबट पट्टी निघते ती ज्यांनी पाहिली असेल, त्यांनी बोकडाचा सोअस पाहिला आहे. यांच्याच जोडीला मांडीच्या पुढून गुडघ्याच्या वाटीपर्यंत जाणारा एक स्नायू आहे. तोही पाय उचलायला मदत करतो.

यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, सोअसचे एक टोक पाठीच्या मणक्यांवर आणि दुसरे मांडीच्या हाडावर असते. म्हणून दोष पुढच्या स्नायूत असला तरी बोंब पाठीतून उठू शकते. यात्रेत दुकानदार पाल ठोकतात, ते डोळ्यांपुढे आणा. मधला खांब सरळ राहतो, कारण पुढचे आणि मागचे ताणावे सारख्या ताणाचे असतात. पुढचा ताणावा आखूड झाला, तर खांब पुढे कलतो. आपल्या कंबरेचे तसेच आहे. पुढचे स्नायू आखडले की कंबरेचे हाड पुढे झुकते, पाठीचा खळगा वाढतो आणि मणक्यांच्या मागच्या लहान सांध्यांवर दाब येतो. मागचा ताणावा म्हणजे कुल्ल्याचे मोठे स्नायू. ते बसून बसून ढिले पडलेले असतात. मग माणूस पाठीला तेल चोळत बसतो, आणि ज्याने खांब ओढला तो ताणावा पुढे तसाच राहतो.

स्नायू आखडतो कशाने? त्याला ज्या लांबीत आपण नित्य ठेवतो, त्या लांबीची त्याला सवय लागते. खुर्चीवर बसलो की मांडी आणि धड यांत काटकोन होतो आणि हा स्नायू आखूड स्थितीत राहतो. आठ तास कामावर तसे, दोन तास प्रवासात तसे, संध्याकाळी दूरचित्रवाणीपुढे तसे, आणि रात्री झोपायचे तेही गुडघे पोटाशी घेऊन. मग चोवीस तासांत तो पुरता लांबतो केव्हा? काही जण म्हणतात, खुर्ची सोडा, भारतीय बैठक घाला, म्हणजे सुटलो. आम्हाला तेही पुरते पटत नाही. मांडी घालण्याने, उकिडवे बसण्याने गुडघे आणि घोटे मोकळे राहतात हे खरे. पण जांघ त्यातही दुमडलेलीच असते. दोष खुर्चीचा नाही आणि पाटाचाही नाही. दोष आहे तो एकाच स्थितीत अडकून पडण्याचा.

आमच्या तालुक्यात हे कोणाला होते? शिलाई मशीनवर बसणाऱ्या आयाबहिणींना होते; कळंब आगारातून गाडी काढून लांबच्या पल्ल्यावर जाणाऱ्या चालकांना होते. कचेरीत संगणकापुढे बसणाऱ्यांना होते. आणि अलीकडे ज्या पोरांचे आम्हाला सर्वांत जास्त वाईट वाटते, त्या अभ्यासिकांत दहादहा तास स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींनाही होते. पंचविशीतला मुलगा खुर्चीवरून उठताना म्हाताऱ्यासारखा कंबरेवर हात ठेवतो, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

ऊसतोड कामगारांचे दुखणे थोडे निराळे, पण याच्याच शेजारचे आहे. दिवाळीच्या सुमारास आपल्या आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. दिवसभर कंबरेत वाकून तोडायचे, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची, आणि रात्री कोपीत अंग आखडून निजायचे. त्यांच्या पाठीच्या दुखण्यात मुख्य वाटा ओझ्याचा आणि वाकण्याचा आहे. जांघेचा स्नायू त्यात एक भागीदार असतो. पण दुखण्याला नेमके नाव मिळाले नाही म्हणजे काय होते, याचा धडा त्यांच्याकडूनच घ्यावा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांत गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया फार होतात अशी ओरड झाली, तेव्हा 2019 साली राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. त्या शस्त्रक्रियांचे कारण स्नायू होते, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, ओटीपोटात, जांघेत, कंबरेत दुखते म्हणून गेलेल्या बाईला ‘दिवसभर काम काय करतेस?’ हा रामाझ्झिनीचा प्रश्न आधी विचारला गेला पाहिजे. सुरी त्यानंतर.

आता हे दुखणे ओळखावे कसे? जांघेत किंवा मांडीच्या वरच्या भागात पुढून बोथट दुखते अथवा ओढ बसते. बराच वेळ बसून उठले की पहिली काही पावले वाकून टाकावी लागतात. लांब टांग टाकताना, गाडीतून पाय बाहेर काढताना, येरमाळ्याला येडाईच्या डोंगराच्या पायऱ्या चढताना ते वाढते. उताणे, पाय लांब करून निजले की कंबर जमिनीवरून उचललेली राहते आणि गुडघ्याखाली उशी घेतली की बरे वाटते. बसले की आराम पडतो, आणि हाच यातला फसवा भाग आहे. आराम पडतो म्हणून माणूस आणखी बसतो, आणि जितका बसतो तितका आणखी आखडतो. सावकाराकडून घेतलेल्या पैशासारखा तो आराम आहे. आज हातात पडतो, उद्या व्याजासकट जातो.

घरच्या घरी करण्याजोगी एक परीक्षाही आहे. एकोणिसाव्या शतकातला ह्यू ओवेन थॉमस हा वेल्स देशचा हाडवैद्य. त्याच्या नावाने तिचा मूळ प्रकार ओळखला जातो. भक्कम खाटेच्या अथवा टेबलाच्या कडेवर कुल्ले टेकतील असे बसा आणि दोन्ही गुडघे छातीशी धरून सावकाश उताणे व्हा. जवळ कोणीतरी असू द्या. मग एक गुडघा हातांनी छातीशी धरून ठेवा आणि दुसरा पाय मोकळा सोडा. त्या पायाची मांडी खाटेला टेकली तर ठीक. ती हवेतच तरंगत राहिली, तर इलिओसोअस आखडला आहे असे समजावे. मांडी टेकली पण गुडघा वाकून खाली लोंबत नाही, पाय पुढे ताणलेलाच राहतो, असे असेल तर मांडीच्या पुढचा स्नायू आखडला आहे. आमची मांडी त्या दिवशी वीतभर वर होती! मात्र एक सांगून ठेवतो: पुष्कळांचे स्नायू आखडलेले असतात आणि दुखत काहीच नाही. म्हणून परीक्षा आणि दुखणे या दोहोंचा मेळ बसला तरच निष्कर्ष काढावा.

उपाय चार आहेत, आणि चारही फुकट आहेत.

पहिला उपाय, उठण्याचा. अर्ध्या तासाने, फार तर तासाने, उठून दोन मिनिटे चालावे. उठल्यावर दोन्ही हात कंबरेवर ठेवून कुल्ले आवळावे आणि हळूच मागे झुकावे. बाकीचे व्यायाम चुकले तरी हा चुकवू नये.

दुसरा, ताणण्याचा. जमिनीवर जाड गोधडीची घडी ठेवून त्यावर उजवा गुडघा टेका. डावा पाय पुढे, तळवा जमिनीवर, गुडघ्यात काटकोन. आता उजवा कुल्ला आवळा आणि कंबरेचे हाड मागे वळवा, जणू शेपटी पायांत घेतो आहोत असे. तेवढ्यानेच जांघेत पुढून ओढ जाणवेल. मग सगळे अंग बोटभर पुढे न्या. पाठीला बाक देऊ नका. बहुतेकांची चूक होते ती इथेच. पाठ वाकवली की ताण पाठीवर जातो आणि स्नायू तसाच राहतो. श्वास चालू ठेवून 20 ते 30 सेकंद थांबा. प्रत्येक बाजूने तीन वेळा, दिवसातून एकदा किंवा दोनदा. सूर्यनमस्कार ज्यांनी घातले आहेत, त्यांना एक पाय मागे टाकण्याची ती स्थिती ओळखीची वाटेल. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, त्यात जांघ मोकळी करण्याची ही युक्ती घरोघर गेली होती. आपण ती सोडून दिली. ज्यांना गुडघा टेकवत नाही अशा वयस्कांनी नुसते पाच मिनिटे पालथे निजावे. पाठीला त्रास झाला तर पोटाखाली पातळ उशी घ्यावी.

तिसरा, मागचा ताणावा घट्ट करण्याचा. उताणे निजून गुडघे वाकवा, तळवे जमिनीवर. कुल्ले आवळून कंबर वर उचला, पाच मोजा, सावकाश खाली आणा. असे दहा वेळा. पुढचे सैल केले आणि मागचे दुबळेच ठेवले, तर खांब पुन्हा कलणार.

चौथा, शेकण्याचा. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून दहापंधरा मिनिटे जांघेवर ठेवावी आणि मग ताण द्यावा. थंड अंगाने ताणू नये. शेकाने स्नायूची लांबी वाढत नाही. तो फक्त हालचालीस राजी होतो. हातमागावरची कांजी पाजलेली सुताची लड ओलावली म्हणजे जशी वळते, तसेच ते आहे.

काय करू नये, तेही सांगतो. हिसके देऊन ताणू नये. ओढ जाणवावी, कळ उठू नये. कळ आली की थांबावे. पोटात बोटे खुपसून स्नायू चोळणाऱ्यांच्या हाती पोट देऊ नये, कारण त्याच वाटेत आतडी आहेत आणि मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. पोट कमी करण्यासाठी उताणे निजून वारंवार उठून बसण्याचा जो व्यायाम पोरे करतात, तो दुखणे असेपर्यंत बंद ठेवावा. त्यात हाच स्नायू राबतो. गरोदर स्त्रियांनी आणि खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी विचारल्याशिवाय काही करू नये. आणि आठ दिवसांत गुण मागू नये. वर्षानुवर्षे आखडलेले सुटायला पाच-सहा आठवडे नित्यनेमाने द्यावे लागतात. आम्हाला दोन महिने लागले.

पण जांघेतले प्रत्येक दुखणे स्नायूचे नसते, हे विसरलात तर आमचे व्याख्यान उपकारापेक्षा अपकारच करील. ताप येतो, वजन घटते, रात्री दुखण्याने जाग येते, असे असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा. मणक्याच्या क्षयरोगात पू याच सोअस स्नायूच्या वाटेने उतरून जांघेत गळवासारखा येतो. आपल्या देशात हे आजही विसरून चालत नाही. उजव्या बाजूला अचानक कळ, उलटी आणि ताप असेल तर आंत्रपुच्छाचा दाह असू शकतो. खोकताना जांघेत गाठ येत असेल तर तो अंतर्गळ. पडल्यानंतर वृद्ध माणसाला पाय टाकता येत नसेल तर खुब्याजवळचे हाड मोडलेले असू शकते. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा आला, तर रात्र असली तरी थांबू नका. सहा आठवडे व्यायाम करूनही फरक नाही, तरीसुद्धा तपासून घ्या.

इतके सांगून आम्ही थांबलो असतो, तर आम्ही संघटनेचे माणूस कसले? ‘अर्ध्या तासाने उठा’ हे सांगणे सोपे आहे. पण शर्टामागे पैसे मिळणारी बाई उठली की तिचे पैसे बुडतात, आणि भरल्या गाडीचा चालक रस्त्यात थांबू शकत नाही. म्हणून हा प्रश्न जितका स्नायूचा, तितकाच कामाच्या मांडणीचाही आहे. 1953 साली जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचे कामगार तपासले. दिवसभर जिने चढउतर करणाऱ्या वाहकांपेक्षा बसून राहणाऱ्या चालकांत हृदयविकार अधिक आढळला. एकाच गाडीवरची दोन माणसे. पण एकाला हलण्याचे काम होते, दुसऱ्याला नव्हते. तो अभ्यास हृदयाचा होता, जांघेचा नव्हे. पण बसून राहण्याचा हिशेब शरीर कुठे ना कुठे मांडतेच, हे त्यावरून दिसते.

आपल्याकडे 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने नियम घातला होता की, सलग पाच तासांपेक्षा अधिक काम नको आणि त्यानंतर निदान अर्धा तास विश्रांती हवी. 2020 साली संसदेने असे कित्येक जुने कायदे एका संहितेत गोळा केले. ती अर्ध्या तासाची सुटी कामगारांनी झगडून मिळवलेली आहे, आणि आमचा चालकबंधू ती उपाहारगृहाच्या बाकावर पुन्हा बसून घालवतो! त्याला आमची विनंती आहे: बाबा, चहा उभ्याने घे आणि गाडीला दोन फेऱ्या मार.

मालकांकडेही आमची मागणी फार मोठी नाही. स्टूल असे द्या की बसल्यावर गुडघे कुल्ल्यांपेक्षा वर जाणार नाहीत. तासाला दोन मिनिटे उठण्याची मोकळीक द्या आणि ती पगारातून कापू नका. अभ्यासिका चालवणाऱ्यांनी एखादे उंच मेज भिंतीशी ठेवावे, म्हणजे मुलांना उभ्यानेही वाचता येईल. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुटी मागितली, तेव्हा तीही अनेकांना चैन वाटली होती. 1890 साली ती मिळाली आणि आज ती चैन आहे असे कोणी म्हणत नाही. तासातली दोन मिनिटे हीसुद्धा उद्या कोणाला चैन वाटणार नाही.

आमच्या ओळखीच्या एक बाई गेली वीस वर्षे शिवणकाम करतात. त्यांना आम्ही हे सारे समजावले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘दादा, उठायला आठवण कशी राहायची?’’ शेवटी त्यांनीच तोड काढली. दोऱ्याची रिळे त्या आता मशीनच्या पेटीत ठेवत नाहीत. समोरच्या कोनाड्यात ठेवतात. दोरा संपला की उठावेच लागते. कोनाड्याशी त्या कंबरेवर हात ठेवून क्षणभर मागे झुकतात आणि परत येतात. त्यांचे दुखणे पुष्कळ कमी झाले आहे, आणि आमच्या या व्याख्यानाचे सारही त्या रिळांत आले आहे.

श्रोतेहो, तुम्ही तासभर आमचे ऐकत बसला आहात. जी गोष्ट आम्ही वाईट म्हणून सांगितली, तीच तुमच्याकडून करवून घेतली, हा आमचा अपराध. आभारप्रदर्शन आता सर्वांनी उभे राहूनच ऐकावे, अशी विनंती करून आम्ही थांबतो.